पायरीचा स्तूप

ती चूक माझी होती, हे सगळ्यात आधी लिहून टाकते. मुलांनो, तुमच्या विशाखाआजीने तुम्हाला ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. ती गोष्टी छान सांगते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मागच्या आठवड्यात अन्वीने मला फोनवर न्यूयॉर्कच्या तुमच्या नव्या घराच्या पायऱ्या दाखवल्या. लाल विटांचं उंच घर, फुटपाथपासून दारापर्यंत चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, कडेला काळा लोखंडी कठडा. आणि वरच्या पायरीवर नीलच्या शेजारी माझी धाकटी बहीण पाय पसरून बसलेली, हातात भाजलेलं कणीस. अन्वी तिच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, हा आमचा स्टूप. पण विशाखाआजी त्याला स्तूप म्हणते. लहान असताना तिला खरंच वाटायचं की अमेरिकेत प्रत्येक घरासमोर एक स्तूप असतो! किती क्यूट ना?" मी इथे, पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, जॉन्सनव्हिलला तुमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात उभी होते, हातात वरणाचा डाव. क्यूट आहे, असं मी म्हणाले. मग फोन ठेवला आणि मसाल्याच्या सगळ्या बाटल्या काढून पुन्हा उंचीप्रमाणे लावल्या. माझं मन बिघडलं की मी हेच करते, हे तुमच्या बाबांना विचारा.

तर हे प्रकरण त्या स्तूपाचं. आम्ही लहानपणी याच देशात, हेन्डरसनला राहत होतो तेव्हाचं. आज तुम्ही हेन्डरसनला गेलात तर दुकानं, गाड्या आणि कौन्सिलच्या कचेऱ्या दिसतील. आम्ही गेलो तेव्हा तिथे फळबागा होत्या. माझे बाबा नागपूरकडचे, संत्र्याच्या कलमांतले जाणकार. इथल्या बागांचं काम शिकायला सरकारने त्यांना पाठवलं आणि सोबत आम्हालाही येऊ दिलं. बागेच्या कडेला एक लाकडी घर मिळालं. पत्र्याचं छप्पर, पुढच्या दाराला तीन लाकडी पायऱ्या, आत इतका गारठा की आई स्वयंपाक करतानाही बाबांचा कोट घालायची. सकाळी दूधवाल्याच्या बाटल्यांचा किणकिणाट ऐकून जाग यायची. पाठोपाठ स्वयंपाकघरातून कणीक आपटल्याचा आवाज. आमच्याकडे पालथ्या मडक्यावर भाजायची लांब पोळी करतात, हातांवर झुलवत झुलवत लांबवलेली, रुमालासारखी पातळ. तसलं मडकं तिथे कुठलं? आईने ॲल्युमिनियमचं एक पातेलं विजेच्या शेगडीवर पालथं घातलं. पहिले काही दिवस पोळ्या फाटल्या, मग पातेलं वाकलं, मग आईला ते जमलं. सोबत मेंढीच्या मटणाचा रस्सा असायचा. तिखट जपून वापरावं लागे. ते संपलं की बाबा शहरातल्या एका गुजराती दुकानातून आणत, आणि त्या दुकानदाराशी तोडक्या हिंदीत इतका वेळ बोलत बसत की शेवटची बस चुकायची.

मी मोठी. नाव करुणा. या नावाची माणसं मत्सरी असू शकतात, हे तुम्ही माझ्याकडून शिकलात तरी या लिहिण्याचं चीज झालं. विशाखा माझ्याहून दीड वर्षाने लहान. नागपूरच्या शाळेत इंग्रजीत पहिली येणारी मी. स्पेलिंग माझं, व्याकरण माझं, पाठांतर माझं. विशाखाला 'बिकॉज'चं स्पेलिंगही धड येत नसे. निघताना आमच्या बाईंनी बाबांना सांगितलं होतं, "करुणाची काळजी नको. तिकडे ती कुठेच अडणार नाही. धाकटीकडे लक्ष ठेवा." बाबांनी हे वाक्य बोटीवर सगळ्यांना सांगितलं. मीही मनात पुष्कळदा सांगितलं. आणि हेन्डरसनच्या शाळेत झालं उलटंच. मी व्याकरणशुद्ध वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असे. विशाखा मात्र मोडकंतोडकं काहीही बोलायची, चुकली की हसायची, आणि न कळलेला शब्द आला की समोरच्याचं मनगट धरून विचारायची, "व्हॉट्स दॅट?" मी असं कधीच विचारलं नाही. मी शब्द शोधून काढत असे. मला वाटायचं, विचारणं म्हणजे हरणं.

तिथली मुलं शाळेत अनवाणी येत. थंडीतसुद्धा. आईला हे काही केल्या पटेना. "एवढे खाऊनपिऊन सुखी लोक आणि पोट्ट्यांच्या पायात काही नाही?" बाबांनी आम्हाला निघण्याआधी नवे बूट घेतले होते. आमच्या घराण्यात बूट घालून शाळेत गेलेली आमचीच पहिली पिढी. म्हणून मी ते बूट रोज पुसत असे आणि मोजे गुडघ्यापर्यंत ओढत असे. विशाखाने दुसऱ्याच आठवड्यात कुंपणाआड बूट काढून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी परत येताना तिथूनच घालायची. पाय मातीने काळे, वर पॉलिश केलेले बूट. आईला पत्ता लागला तेव्हा चांगले दोन धपाटे बसले, पण तोवर सगळी शाळा तिला ओळखायला लागली होती. मला "बुटांवाली" म्हणत. विशाखा म्हणता येत नव्हतं म्हणून तिला "शाका" म्हणत, आणि ते नाव हाक मारण्यासारखं होतं.

आता लिंडा. हिच्यावाचून गोष्ट पुढे जात नाही. लिंडा आमच्या दोन घरं पलीकडे आईबरोबर राहायची. तिची आई मूळची तिथलीच. महायुद्धाच्या दिवसांत तिथे आलेल्या एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून ती त्याच्या देशी गेली होती, आणि पुढे काही वर्षांनी, त्याच्याशिवाय, लिंडाला घेऊन परत आली. त्याबद्दल तिथे कोणी बोलत नसे. लिंडाची अमेरिकेतली आजी मात्र दर नाताळला खोकं पाठवायची, आणि खोक्यात पुस्तकं असायची. मुलांची पुस्तकं, जाड पुठ्ठ्याची, आत काळ्या शाईने काढलेली चित्रं. त्या वासाचं वर्णन मला करता येत नाही. आमच्या वर्गातल्या मुलांना सगळी पुस्तकं इंग्लंडहून आलेली माहीत. त्यांतली मुलं बोर्डिंगात राहत आणि चहाबरोबर केक खात. लिंडाच्या पुस्तकांतली मुलं वेगळीच. ती मोठ्या शहरात विटांच्या घरांत राहत, रस्त्यावर खेळत, एकमेकांना "जी!" आणि "स्वेल!" म्हणत, औषधांच्या दुकानात जाऊन आइसक्रीम खात. औषधांच्या दुकानात! लिंडाच्या जवळ बसायला मिळावं आणि ती पुस्तकं हातात यावीत म्हणून वर्गातली प्रत्येक मुलगी झुरत होती. मीही. लिंडाने निवडली विशाखाला.

त्या दिवसांत दुपारी मी खिडकीत उभी असायची आणि त्या दोघी रस्त्याने जाताना दिसायच्या, चार उघडे पाय, एका पुस्तकावर वाकलेली दोन डोकी. एक काळं, एक गव्हासारखं. पुस्तक घरी यायचं ते विशाखाच्या पिशवीतून. ती एखादं पान वाचून कंटाळायची आणि पुस्तक पलंगावर उपडं टाकून खेळायला जायची. मग मी ते घ्यायची आणि अखेरपर्यंत वाचायची. वाचायची, पण अडखळत. इंग्रजीत पहिली आलेली मी पानागणिक खड्ड्यात पडत होते. एका आईने मुलीचे 'बँग्ज' कापले. बँग म्हणजे धडाम आवाज, तो कापायचा कसा? एक मुलगा 'रूट बिअर' प्यायला. हे बाबांच्या नजरेस पडलं तर पुस्तकं बंद होतील म्हणून मी ते पान आत दुमडून ठेवलं. आणि विशाखा जेवताना बोटं चाटत सहज सांगायची, "ताई, बँग्ज म्हणजे कपाळावरचे केस गं. लिंडाच्या आईने सांगितलं. आणि ती बिअर म्हणजे सोडावॉटर असतं." जणू काही हे शब्द तिच्या घरचे. मी म्हणायची, "मला माहीत होतं." माहीत नव्हतं. विशाखाला तेही माहीत असायचं, आणि ती काही बोलायची नाही. तिच्या त्या न बोलण्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

आता तो शब्द. पुस्तक निळ्या पुठ्ठ्याचं होतं, तीन भावंडांचं आणि त्यांच्या लंगड्या कुत्र्याचं. पहिल्याच पानावर वाक्य होतं की उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळं कुटुंब 'स्टूप'वर बसायचं. मी डिक्शनरी काढली. आमच्याकडे इंग्रजी-मराठी डिक्शनरी होती, बाबांनी बोटीतून आणलेली. तिच्यात स्टूप म्हणजे वाकणे, लवणे, नम्र होणे. आता नम्र होण्यावर कुटुंब कसं बसेल? मी पद्धतशीर विचार केला. बाबा नेहमी सांगत, इंग्रजांनी आपले पुष्कळ शब्द उचलले आणि वेडेवाकडे केले. बंगला, व्हरांडा, शाम्पू. मग स्तूप या शब्दाचं ते काय करतील? स्टूप करतील. स्तूपापाशी आपण काय करतो? वाकतो, नम्र होतो. डिक्शनरीही तेच म्हणते. पुस्तकात चित्र होतं, त्यात पायऱ्या आणि बाजूला कठडा. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी सांचीच्या स्तूपाचं कॅलेंडर होतं, त्यातही पायऱ्या आणि कठडा! मला इतका आनंद झाला की मी पलंगावर उभी राहिले. हा शब्द लिंडाच्या आईने विशाखाला सांगितलेला नव्हता. हा माझा होता. जगाच्या त्या टोकाला, विटांच्या घरांच्या शहरात, लोक संध्याकाळी दारासमोरच्या स्तूपावर शांत बसतात, आणि हे त्या सगळ्या वर्गात फक्त मला कळलेलं होतं. आजही लिहिताना वाटतं, विचार चोख होता. फक्त उत्तर चुकलं.

शाळेकडून मिळणाऱ्या दुपारच्या दुधानंतर आमच्या बाई, मिस टर्नर, वर्गाला गोष्ट वाचून दाखवत. उन्हात क्रेटमध्ये राहून कोमट झालेलं ते बाटलीतलं दूध मी नाक दाबून प्यायची, कारण पुढे गोष्ट असायची. एका सोमवारी त्यांनी लिंडाचं निळं पुस्तक उचललं आणि म्हणाल्या, "या आठवड्यात तुमच्यापैकी एकीने वाचायचं. माझा घसा बसलाय." जी वाचेल तिने आठवडाभर लिंडाच्या शेजारी बसायचं, म्हणजे अडलं तर लिंडा मदत करील. हात वर गेले. मीही केला. मिस टर्नरनी मला त्या शाळेत हात वर केलेलं तोवर पाहिलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी मलाच उठवलं. मुलांनो, मी त्या दिवशी सुंदर वाचलं. उच्चार नागपूरचे असतील, पण एक स्वल्पविराम चुकला नाही. वर्ग शांत झाला. लिंडा माझ्याकडे बघत होती, पहिल्यांदाच, आणि मी तिच्या बाकावरच्या रिकाम्या जागेकडे. तेवढ्यात ते वाक्य आलं. मिस टर्नरनी हात वर करून मला थांबवलं. "स्टूप. हा शब्द मला या अर्थाने माहीत नाही, करुणा. तुला काय वाटतं?" त्या खरंच विचारत होत्या. इंग्रजी ज्यांची भाषा, त्यांना तो शब्द अडला होता आणि त्या मला विचारत होत्या.

मी सांगितलं. सविस्तर सांगितलं. स्तूप म्हणजे काय, त्याच्या पोटात थोर माणसांच्या अस्थी कशा ठेवतात, भोवती प्रदक्षिणा कशी घालतात. अमेरिकेत प्रत्येक घरापुढे असा एक असतो आणि दिवसभराचं काम संपल्यावर कुटुंब त्यावर बसून मन शांत करतं, असं सांगून मी वर डिक्शनरीचा आधारही दिला. मिस टर्नरची भुवई वर गेली होती पण त्या मान हलवत होत्या. मागून कोणीतरी विचारलं, "अस्थी? म्हणजे हाडं? पायरीखाली?" आणि लिंडाने तोंडावर हात घेतला. बोटांतून हसू सांडलं. "त्या नुसत्या घरापुढच्या पायऱ्या आहेत!" ती म्हणाली. "माझ्या आजीच्या घराला आहेत. त्यावर बसून आम्ही मटार सोलायचो!" अख्खा वर्ग हसत सुटला. एक मुलगा खाली लोळला. मी पुस्तक धरून उभी. बुटांत पाय घामाने ओले झालेले आजही आठवतात.

आणि मग विशाखा उठली. वर्ग दोन इयत्तांचा मिळून एकच होता, म्हणून ती तिथेच, लिंडाच्या मागच्या बाकावर. "मिस, ताईला ते मी सांगितलं," ती म्हणाली. "मला तसं वाटत होतं." लिंडा वळली. "शाका! तुला खरंच वाटायचं?" विशाखा गंभीर चेहरा करून म्हणाली, "म्हणून तर तुझ्या घरी येताना मी तुमच्या पायरीला रोज नमस्कार करते. तुम्ही बघत नसता तेव्हा." आणि तिथेच, बाकांमधल्या वाटेत, हात जोडून वाकून दाखवलं. काळ्या मातीचे उघडे पाय आणि वर ते भक्तिभावाचं तोंड. हसणं बदललं. एका क्षणापूर्वी ते अंगावर येत होतं, आता ते तिच्याभोवती जमा झालं. मिस टर्नर डोळे पुसत होत्या. लिंडाने उठून तिला मिठी मारली.

मला वाचवलं, असं तुम्ही म्हणाल. विशाखाआजीचं मन केवढं मोठं, असंही म्हणाल. मला कोणी वाचवायला नको होतं. मी म्हणाले, "नाही मिस, ते माझं आहे. मी शोधून काढलं." माझी चूक होती, ठीक आहे, पण डिक्शनरी, बाबांचे शब्द आणि सांचीचं कॅलेंडर एकत्र आणून मी ती घडवली होती. विशाखाला ती सात जन्मांत सुचली नसती. मिस टर्नर माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, बहिणीची चूक स्वतःवर घेणारी मुलगी. करुणा, यू आर अ गुड गर्ल. पण तू असं काही चुकणार नाहीस, हे आम्हाला माहीत आहे." मग त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि विशाखाला दिलं. गोष्टीत इतका जीव असणारी मुलगीच वाचू दे, म्हणाल्या. विशाखा लिंडाशेजारच्या त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली आणि आठवडाभर वाचत राहिली. अडखळत, स्वल्पविराम खात, दर दुसऱ्या ओळीला थांबून "व्हॉट्स दॅट?" म्हणत. आणि प्रत्येक शब्दावर सगळा वर्ग आपापले तर्क लढवायचा, मिस टर्नरसुद्धा. कोणी कोणाला हसत नव्हतं, सगळे मिळून हसत होते. मी तर्क लढवला नाही. खरं सांगायचं तर काही शब्दांचे अर्थ मला सुचले होते आणि त्यांतले काही बरोबरही निघाले. ते माझ्या मनातच बरोबर आले.

शनिवारी लिंडा आमच्याकडे जेवायला आली. आमच्या पुढच्या दाराशी थांबली, त्या तीन लाकडी पायऱ्यांकडे पाहिलं, हात जोडले आणि कमरेतून वाकली. मग एकेक पायरी जपून चढली. आई दारात पिठाच्या हातांनी उभी. "हे काय चाललंय बाप्पा? ही पोरगी पायरीच्या काहून पाया पडते?" विशाखा हसत सुटली होती, म्हणून मलाच सांगावं लागलं. पुस्तक, शब्द, वर्गातलं हसू, सगळं; आणि लिंडा मधेमधे विशाखाकडे बोट दाखवून "शाका!" म्हणत होती. आई ऐकत ऐकत खाली आली आणि मधल्या पायरीवर बसली. तिला मी तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी बाबा बसत, आम्ही बसत. ती दाराच्या आत, चौकटीला टेकून उभी राही. आम्हाला वाटे, थंडीमुळे. ती म्हणाली, "आम्ही लहान असताना माय कामाला जायची त्या घराच्या पायरीवर मी एकदा बसली होती. सावली होती म्हणून. त्यांनी पाणी टाकून पायरी धुतली, मी उठायच्या आधीच." तिने लुगड्याचा ओला भाग दाखवावा तसा हात मांडीवरून फिरवला. मग त्या लाकडावर थाप मारली. "जिथं कोणी उठ म्हणत नाही त्या पायरीला पोरीनं स्तूप म्हटलं, तर काय चुकलं तिचं? शहाणी आहे माझी." आणि पिठाचा हात विशाखाच्या डोक्यावर ठेवला.

विशाखा हसायची थांबली. "आई, मी नाही गं. ते खरंच ताईचं आहे. वर्गात मी उगाच म्हटलं." हे ती अगदी मनापासून म्हणाली, मी साक्षीला आहे. आईने तिला जवळ ओढलं. "बघ, किती समजूतदार. स्वतःचं कौतुकसुद्धा ताईला देऊन टाकते." मी म्हणाले, "आई, माझंच आहे ते!" आई म्हणाली, "हो गं बाई, तुझंच," रडक्या पोराला खेळणं देताना म्हणतात तशी. आणि उठून पोळ्या करायला गेली. लिंडाने ती लांब पोळी दोन्ही हातांवर घेऊन उजेडात धरून पाहिली आणि उशीचा अभ्रा खातोय असं वाटतं, म्हणाली. रस्सा तिखट लागून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने आणखी मागितला. जेवण झाल्यावर आई बाहेर येऊन पुन्हा त्या पायरीवर बसली, बाबांचा कोट घालून. त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर ती रोज संध्याकाळी बसायची. "स्तूपावर चहा आण गं," म्हणायची. माझ्या शब्दावर आई बसत होती. मी चहा नेऊन द्यायची, आणि ती कौतुकाने विशाखाकडे बघायची.

पुढे आम्ही नागपूरला परतलो. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य काढलं आणि म्हातारपणी, गंमत बघा, पुन्हा याच देशात आले. इथे मला अजून सगळं कळतं असं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला 'डेअरी' म्हणतात, पण तिथे एकही म्हैस नाही. पलीकडचा पुण्याचा मुलगा, जो शिकायला आला आणि राहिला, तो प्रत्येक गोष्टीला "स्वीट ॲज" म्हणतो. कशासारखं गोड? मी कित्येक महिने त्या वाक्याचं पुढचं टोक यायची वाट पाहिली. विचारलं मात्र नाही. विशाखा मागे इथे आली होती, तिने पहिल्याच दिवशी त्याचं मनगट धरून विचारलं. कशासारखंच नाही, म्हणे, नुसतंच 'छान'. ती विचारते आणि लोक तिचे होतात. आता तुम्हीही तिचे झालात. तुमच्यापासून ती गाडीने अर्ध्या तासावर राहते. मी जिथे राहते तिथून पुढे फक्त पेंग्विन आहेत.

म्हणून त्या दिवशी बाटल्या लावून झाल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, "विशाखा, स्तूपाची गोष्ट कोणाची?"

"माझी. काहून?"

"नीट आठव."

तिकडे कुठल्यातरी गाडीचा भोंगा वाजत गेला. मग ती म्हणाली, "अगं बाई! ती तुझी होती नं, ताई?"

"होती नाही. आहे."

"सांगून सांगून मला ती माझीच वाटायला लागली गं. मला तर डिक्शनरीत 'वाकणे' वाचल्याचंही आठवतं."

"ते मी वाचलं. तू ती डिक्शनरी कधी उघडलीच नाहीस."

"हो का?" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बरं घे बाई परत. पोरांना सांगते, ही करुणाआजीची आहे म्हणून. पण ताई, रागावू नकोस, तू सांगितलीस तर कोणी हसणार नाही गं. तू आधी डिक्शनरी सांगशील."

मी फोन ठेवला. बाटल्या आधीच लावलेल्या होत्या, त्यामुळे करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मागच्या दाराच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. जॉन्सनव्हिलच्या वाऱ्यात तिथे बसणं हे धाडसाचं काम आहे, माझी एक 'जँडल', इथे रबरी चपलेला तसं म्हणतात, उडून शेजाऱ्यांच्या अंगणात गेली. तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून मी ही गोष्ट तुम्हाला सांगितली नाही, लिहून काढली. डिक्शनरीसुद्धा जितकी मागे सरकवता आली तितकी सरकवली. वाचताना कुठे हसू आलं असेल तर लगेच फोन करा, इथे किती वाजले आहेत ते बघत बसू नका. आणि आलं नसेल, तर ते आपल्या तिघांतच राहू द्या. विशाखाआजीला सांगू नका.